खांद्याची शीर

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा ताई स्टुलावर चढून भिंतीवरचं झाड तपासत होती. झाड म्हणजे पिवळ्या फुलपाखरांची वंशावळ. संग्रहालयाच्या नव्या दालनात, दारातून आत शिरताच समोर दिसेल अशी, रंगाऱ्याने ती चांगली दोन पुरुष उंच रंगवली होती. उद्घाटनाला बारा दिवस उरले होते आणि दालनाला ताईच्या आधीचे संग्रहपाल, थोरले सर, त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं.

"ताई, नमुने पाठवताना तुमच्याकडून काही अदलाबदल झाली का?" प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं.

"अदलाबदल कशी होईल? दोन्ही तुकडे एकाच फुलपाखराचे. एक पाय आणि मागच्या पंखाचा कोपरा."

"तेच तर म्हणते. मी डीएनए चाचणी तीनदा करून पाहिली. पाय एकाचा आहे आणि पंख दुसऱ्याचा. बरं, दुसरा म्हणजे भाऊबंदांतलाही नाही हो. पाय पिवळ्यांपैकी, पंख पांढऱ्यांपैकी."

ताई स्टुलावरून कधी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. फोन कानालाच होता आणि ती जमिनीवर बसलेली होती. रंगाऱ्याने शिडीवरून विचारलं, "चक्कर आली का?" तिने नुसतीच मान हलवली. ती हो म्हणत होती की नाही, त्यालाही कळलं नाही.

ताई संग्रहालयातल्या फुलपाखरांची संग्रहपाल. पन्नाशीची. त्यातली सव्वीस वर्षं तिने एकाच उपकुळावर काढली होती, पिवळ्यांच्या. संग्रहालयातले लोक गमतीने म्हणत, हिला बारमाही कावीळ झालेली आहे.

पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांचं एक मोठं कुळ आहे आणि त्यात पांढऱ्यांचं एक आणि पिवळ्यांचं एक अशी दोन मोठी उपकुळं. रंगावर जाऊन चालत नाही, कारण पांढऱ्यांच्या घरातही काही पिवळ्या पंखांची निघतात. खरी खूण असते मागच्या पंखाच्या खांद्याशी. तिथे एक आखूड शीर असते. पांढऱ्यांमध्ये ती स्पष्ट दिसते, पिवळ्यांमध्ये जवळजवळ नाहीशीच झालेली असते. एक्केचाळीस वर्षांपूर्वी थोरल्या सरांना देणगीत आलेल्या एका जुन्या पेटीत एक फुलपाखरू सापडलं होतं. अंग पिवळ्यांचं, पुढचे पंख पिवळ्यांचे, आणि मागच्या पंखावर ठसठशीत खांद्याची शीर! सरांनी जाहीर केलं की हा दोन्ही घरांमधला जुना दुवा आहे. पिवळ्यांच्या वंशावळीत त्यांनी सगळ्यात खाली त्याला एक स्वतंत्र शाखा दिली आणि त्याला आपल्या बायकोचं नाव दिलं. ती त्याच वर्षी वारली होती.

जगात तसं फुलपाखरू ते एकच. त्याला कुणी हात लावत नसे. ताईने पाय आणि पंखाचा कोपरा घ्यायची परवानगी मागितली होती, तीसुद्धा सरांचं म्हणणं आणखी पक्कं करावं म्हणून.

त्या दुपारी तिने पेटी उघडली, खिडकीचे पडदे ओढले आणि जांभळा दिवा लावला. त्या दिव्यात जुना डिंक निळसर चमकतो. फुलपाखरू उताणं दिसेल असं धरून तिने भिंगाला डोळा लावला. मागच्या दोन्ही पंखांच्या मुळाशी, छातीवरच्या केसांच्या आड, केसाहून बारीक अशी निळी रेघ होती.

एवढंच असतं तर ती फक्त हादरली असती. पण रेघेखाली पातळ कागदाची एक इवलीशी पट्टी होती. होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना निमुळती. अशी पट्टी कापायला ताई वयाच्या दहाव्या वर्षी शिकली होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आईच्या शेजारी बसून.

आई ह्याच संग्रहालयात तीस वर्षं कामाला होती. आलेली फुलपाखरं पाटावर पसरून वाळवायची, तुटलेले पंख जोडायचे, हे तिचं काम. बोटांत कायम चिमटा, म्हणून सगळे तिला चिमटाबाई म्हणत. खुद्द सरसुद्धा. आई खोटं बोलत नाही, ही गोष्ट ताईच्या घरात भिंतीसारखी होती. तिच्याकडे कुणी वळून बघत नसे, पण सगळं तिच्यावर उभं होतं.

ताईने फोटो काढले, छापले आणि घर गाठलं.

आई खिडकीपाशी बसून पडद्याची दुमड शिवत होती. ऐंशी वर्षांची, पण सुईत दोरा अजून स्वतःच ओवायची. ताईने वाटेत बरंच काही ठरवलं होतं. कसं विचारायचं, आई काय सांगेल, मग आपण काय म्हणायचं. कदाचित फक्त तुटका पंख जोडला असेल, कदाचित कुणी दुसऱ्याने तिची पद्धत उचलली असेल. तिने फोटो आईपुढे ठेवला.

"आई, हे कुणाचं काम?"

आईने चष्मा पुसला. फोटो जवळ नेला, लांब धरला.

"माझं," ती म्हणाली. दारातल्या छत्र्यांमधली ही कुणाची म्हणून विचारावं आणि एखाद्याने माझी म्हणावं, तितक्या सहज.

ताईचं सगळं ठरवलेलं पुसलं गेलं. "म्हणजे दुरुस्ती? पंख तुटले होते?"

"नाही गं. धड होते. मी कापले आणि दुसऱ्याचे बसवले."

"का?"

आईने सुई पडद्यात खोचून ठेवली. "बस आधी."

मग तिने सांगितलं. सरांनी त्या आधीच्या वर्षी पिवळ्यांची एक यादी छापली होती. त्यात एकमेकांसारख्या दिसणाऱ्या सात जाती वेगळ्या ओळखायची खूण दिली होती, पंखाखालचा एक करडा ठिपका. त्या ठिपक्याने सरांचं नाव सगळीकडे झालं.

"तो ठिपका मी दाखवला होता त्यांना," आई म्हणाली. "रोज शंभर पंख ह्या बोटांतून जात होते, मला दिसणार नाही तर कुणाला? छापून आलं, त्यात काय लिहिलेलं? 'असे माझ्या लक्षात आले.' माझ्या म्हणजे त्यांच्या! मी म्हटलं, बघू या तरी, ह्यांच्या खरंच किती लक्षात येतं. सुट्टीच्या दिवशी बसून ते केलं आणि देणगीच्या पेटीत टोचून ठेवलं. मला वाटलं, दुपारपर्यंत ओरडत येतील, चिमटाबाई, हा काय चावटपणा! मग मी म्हणणार होते, दिसला ना? ठिपकासुद्धा असाच मी दाखवला होता."

"मग?"

"मग चार वाजता ते खोलीतून बाहेर आले. बायको जाऊन तीन महिने झालेले. शर्टाची बटणं खालीवर, जेवत होते की नव्हते देव जाणे. माझ्यापुढे उभे राहिले आणि रडायलाच लागले. म्हणाले, चिमटाबाई, असं कुणी कधी पाहिलं नसेल, ह्याला मी तिचं नाव देणार. माझी दातखीळच बसली."

"दुसऱ्या दिवशी सांगायचंस!"

"सांगणारच होते. दुसऱ्या दिवशी ते दाढी करून आले."

ताईने फोटो उचलून पालथा ठेवला.

"तीन महिन्यांनी पहिल्यांदा," आई म्हणाली. "आता तूच सांग, कसं बोलायचं? आज नको, उद्या बोलू. उद्या नको, जरा सावरू देत. तोवर छापून आलं. एकदा छापलं म्हटल्यावर मग राहूनच गेलं."

ताईच्या डोक्यात मात्र आता भलतंच काही उलगडत होतं. ती उठून उभी राहिली.

"आई, मी पाच मोसम त्या वरच्या जंगलात फिरले. जाळं घेऊन. ह्याचं दुसरं मिळावं म्हणून. जळवा लागल्या, ताप आला, एकदा पाय मोडला. आणि डबा तू भरून देत होतीस! रोज पहाटे उठून, डबा भरून, दारात उभी राहून हात हलवत होतीस!"

"हो," आई म्हणाली.

"जे नाहीच ते शोधायला पाठवत होतीस मला."

"मला वाटायचं, सापडणार नाही, तू कंटाळशील, दुसरं काहीतरी हाती घेशील. तू कंटाळेनास. पाय मोडून आलीस तेव्हा प्लास्टरवर हात ठेवून दोनदा तोंड उघडलं मी. तू म्हणालीस, पुढच्या वर्षी नक्की मिळेल." आईचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तुझ्या तोंडावर असा आनंद होता, सरांच्या होता तसाच. मी परत गप्प बसले."

ताई जिन्यात जाऊन बसली. तिला राग यायला हवा होता, रडू यायला हवं होतं. त्यातलं काहीच येत नव्हतं. कुणीतरी कानशिलात मारावी आणि नुसता कान वाजत राहावा तसं झालं होतं. तिने लिहिलेले नऊ निबंध त्या एका फुलपाखरापासून सुरू होत होते. दोन विद्यार्थ्यांनी त्याच्यावर पदव्या घेतल्या होत्या. आणि ते आईने एका सुट्टीच्या दिवशी बसून बनवलं होतं!

दोन दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पाण्याचा पेलाही टेबलावर ठेवला जायचा, हातात दिला जायचा नाही.

संचालकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ आपल्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. "उद्घाटन होऊन जाऊ दे," ते शेवटी म्हणाले. "एक्केचाळीस वर्षं थांबलंय, अजून दहा दिवसांनी काय बिघडतं?"

"तेच तर बिघडलंय," ताई म्हणाली. "प्रत्येक वेळी कुणीतरी दहाच दिवस थांबलं."

तिने एवढंच कबूल केलं की आधी सरांना सांगायचं, मग बाकीच्यांना. घरी येऊन तिने चपला काढल्या आणि भिंतीकडे बघत बोलली, "उद्या सरांकडे जातेय."

"मीही येते," आई म्हणाली. "उद्योग माझा. तू कशाला तोंड देतेस?"

सर अठ्ठ्याऐंशीचे होते. मुलगा-सुनेकडे राहत. सुनेने दार उघडलं, "निमंत्रण घेऊन आलात ना? सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. ताईने हातातली पेटी छातीशी धरली.

आईने प्रस्तावना केलीच नाही. "सर, ते तुमचं फुलपाखरू मी दोघांचं मिळून केलं होतं. मागचे पंख पांढऱ्यांपैकी एकाचे आहेत. तुमची गंमत करायला केलं आणि सांगायचं धाडस झालं नाही. चुकले."

सर हसले. त्यांना वाटलं थट्टाच चालली आहे. मग त्यांनी ताईकडे पाहिलं आणि हसू तिथल्या तिथे थांबलं. त्यांनी हात पुढे केला. ताईने पेटी दिली, भिंग दिलं, फोटो दिले. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. सर बघत होते.

"जोड कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

आईने पदराची पिन काढून टोकाने दाखवलं. "केसांखाली. केस परत लावले होते. एकेक."

"मी अकरा महिने हे भिंगाखाली ठेवलं होतं." सरांचा आवाज अगदी सपाट होता. "अकरा महिने. का केलंत हे?"

"तो ठिपका," आई म्हणाली.

"कुठला ठिपका?"

आईने सांगितलं. पंखाखालचा करडा, सात जातींचा, मी चिमट्याने धरून दाखवलेला. सर ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी चढत होती, शब्द ऐकू येतात पण अर्थ लागत नाही अशा माणसासारखी.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "तुम्ही दाखवला होता? मला खरंच आठवत नाही."

ताईने आईकडे पाहिलं आणि तिला धस्स झालं. सर ओरडतील, हाकलतील, रडतील, ह्या सगळ्याची आई तयारी करून आली होती. आठवणार नाही ह्याची नव्हती. जो अपमान तिने एक्केचाळीस वर्षं उराशी धरला, ज्याच्यापायी एवढं रामायण झालं, तो करणाऱ्याच्या गावीही नव्हता. आईचं तोंड उघडंच राहिलं. ती एकदम फार म्हातारी दिसायला लागली.

"तुम्ही आता निघा," सर म्हणाले. पेटी त्यांनी काळजीपूर्वक बंद करून ताईच्या हातात दिली.

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "आठवत नाही म्हणे." आणखी एक थांबा गेला. "आठवत नाही!" ताईने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. राग तसाच होता, पण हात घेतल्याशिवाय राहवेना.

पुढचे तीन दिवस सरांकडून अवाक्षर नाही. सुनेने फोनवर सांगितलं की ते माळ्यावरून खोकी काढायला लावतात आणि दार लावून बसतात. इकडे ताईने रंगाऱ्याला सगळ्यात खालची शाखा पुसायला सांगितली.

"ती काढली तर वरचं झाड लोंबकळेल ना?" रंगारी म्हणाला.

"खाली आणून जोडा."

"नीट सांगा हां. परत परत जोडत नाही मी."

ताईला हसू फुटलं आणि ते थांबेचना. रंगारी ब्रश हातात घेऊन बघतच राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी सर स्वतःच संग्रहालयात आले. सुनेचा हात धरून, काखेत एक जुनी वही. थेट संचालकांच्या खोलीत जाऊन बसले आणि ताईला म्हणाले, "लिहून घे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी एक चूक केली."

"त्रुटी म्हणू या का?" संचालक हळूच म्हणाले.

"त्रुटी अर्जात असतात. चूक लिही."

त्यांनी सगळं सांगितलं. नमुना दोन जीवांचा निघाला, तेव्हा नियमाप्रमाणे परके पंख हिशेबातून वगळायचे आणि नाव अंगाकडे जायचं. अंग होतं बागेत उडणाऱ्या साध्या पिवळ्या फुलपाखराचं. त्याला आधीचं जुनं नाव होतंच, म्हणून सरांनी दिलेलं नाव यापुढे वापरायचं नाही. यादीत त्याच्या खाली, बारीक अक्षरात, तेवढं राहील. हे वाक्य सांगताना सर थांबले. चष्मा काढला, परत घातला. "राहील ना पण?" त्यांनी विचारलं. नियम त्यांना ताईहून जास्त पाठ होते.

"राहील, सर. नावं पुसत नाहीत."

"हं. चिमटाबाई कुठे आहेत?"

आई बाहेरच्या बाकावर बसली होती. आत यायला तयार नव्हती. सर उठून बाहेर गेले. त्यांनी वही उघडून तिच्या मांडीवर ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"चष्मा नाही आणलेला," आई म्हणाली.

"मी वाचतो. तारीख आहे, आणि पुढे, 'पंखाखालचा ठिपका चिमटाबाईंनी दाखवला. सातही जातींत पडताळून पाहणे.' माझं अक्षर आहे." त्यांनी श्वास घेतला. "म्हणजे मला माहीत होतं. लिहून ठेवलं होतं. छापताना गाळलं, आणि मग विसरून गेलो. परवा तुम्हाला आठवत नाही म्हणालो ना, ते खरं होतं. पण हे त्याहून वाईट आहे."

ताई दारात खिळून उभी राहिली. तिच्या आयुष्यात चूक कबूल करणारे सर तिने कधी पाहिले नव्हते, आणि आज सकाळपासून ही दुसरी होती.

आईने वहीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "अक्षर तेव्हाही घाणेरडंच होतं तुमचं."

सरांनी निवेदनात ठिपक्याची ओळही घातली, आईच्या पूर्ण नावानिशी. उद्घाटन आठवडाभर पुढे गेलं. दालनाला आपलं नाव नको असं सरांनी कळवलं, आणि संचालकांनी कितीही विनवलं तरी ते बधले नाहीत. पाटीवर शेवटी नुसतं 'फुलपाखरे' एवढंच आलं. निवेदन छापून आल्यावर ओळखीच्या-अनोळखी लोकांची पत्रं आली. काहींनी ताईला शाबासकी दिली, काहींनी तिच्या नऊ निबंधांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. ती सगळी तिने वाचली. काही दिवस ती जेवता जेवता मध्येच थांबायची आणि आईकडे टक लावून बघायची, ही बाई आपण ओळखतो का, असं. आईलाही ते कळायचं. ती मान खाली घालून जेवत राहायची.

एका संध्याकाळी ताईने विचारलंच, "आई, खरं सांग. असे अजून किती आहेत?"

"चावटपणा तो एकच. शपथ."

"आणि दुरुस्त्या?"

"त्या दोनशे तरी असतील," आई म्हणाली. "कुणाची मिशी, कुणाचा पंख. दिसायला बरं दिसावं म्हणून सगळेच सांगायचे, जोडून द्या. मी चिठ्ठी लावायची, पण पेट्या बदलताना किती राहिल्या असतील?"

ताईने कपाळाला हात लावला. दुसऱ्याच दिवशी तिने संचालकांकडून परवानगी काढली आणि दर मंगळवारी आई संग्रहालयात यायला लागली. ताई खण बाहेर काढायची, आई जांभळ्या दिव्याखाली एकेक फुलपाखरू बघून सांगायची, हे माझं, ह्याची डावी मिशी परकी, हे धड आहे. ताई लिहून घ्यायची. कामापुरतंच बोलणं, पण बोलणं होतं.

तिसऱ्या मंगळवारी आई एका फुलपाखरापाशी अडली. भिंग खालीवर केलं. नाक मुरडलं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"हे माझं नाही," आई म्हणाली. "डोकं दुसऱ्याचं बसवलंय. आणि काय गचाळ जोडलंय बघ."

ताईच्या हातातली पेन्सिल घरंगळत टेबलाखाली गेली. तिने खणावरचा क्रमांक वाचला, मग परत वाचला, आणि प्रयोगशाळेतल्या बाईंना लावायला फोनकडे हात नेला.